अठ्ठ्याण्णव-ब्याण्णव

३ मार्च

पंचसाहेब,

तुझं नाव लिहायला हात वळला नाही, म्हणून हुद्दा लिहिला. तब्येतीची चौकशी करत नाही. शनिवारी दोन तास तू माझ्यापासून सात पावलांवर बसला होतास, तब्येत दिसली. पोट सुटलंय, केस गेलेत, आणि डोळ्यांचं काय झालंय ते अख्ख्या हॉलनं पाहिलं.

अठ्ठ्याण्णव-ब्याण्णव.

चार दिवस हा आकडा माझ्या दाताखाली खड्यासारखा येतोय. मुष्टियुद्धाची दहा फेऱ्यांची लढत. फेरी जिंकेल तिला दहा गुण, हरेल तिला नऊ. म्हणजे दहातल्या आठ फेऱ्या तू त्या रेशमीला बहाल केल्यास आणि माझ्या पोरीला दोन. एका पंचानं लढत माझ्या पोरीला दिली, एकानं काठावर रेशमीला. निकाल लावलास तो तू. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथं तोंडं तीनच आणि त्यातलं एक तुझं, मग परमेश्वर कशाला फिरकतोय तिकडे!

ती पोरगी कोण हे तुला ठाऊक नसणार. तुझ्या कागदावर ती फक्त 'निळा कोपरा'. तर ऐक. आम्ही तिला सुतारीण म्हणतो, कारण ती सुतारच आहे. दारं-चौकटींच्या कारखान्यात दिवसभर रंधा मारते आणि पाच वाजता केसांत भुसा घेऊन जिममध्ये येते. तळहाताला असे घट्टे आहेत की पट्टी बांधताना मला अंगठ्याखालून एक वेढा जास्त घ्यावा लागतो. सात वर्षं मी तिला घडवतेय. पहिल्या वर्षी इतकी वाईट होती की मी म्हटलं, "बाई गं, तू आपली दारंच कर." तर म्हणते कशी, "दारंपण पहिल्या वर्षी वाकडीच व्हायची." त्या दिवशी ठेवून घेतली.

आणि ती रेशमी! आयोजकाची लाडकी. विजेतेपदाचा पट्टा कमरेला लावलेले तिचे फोटो लढतीच्या आदल्या दिवशीच काढून झाले होते. फोटोग्राफरनंच सांगितलं आम्हाला, बिचारा सरळ माणूस. त्याला वाटलं, आम्हाला ठाऊक असेल.

तिसऱ्या फेरीत सुतारणीनं रेशमीचं नाक फोडलं. सहाव्यात तिला दोरांना टेकवून अशी बडवली की तिचा मास्तर हार कबूल करायला टॉवेल हातात घेऊन उभा राहिला. तू तेव्हा काय पेन्सिलीला टोक काढत होतास? शेवटच्या तीन फेऱ्या ती अंतर राखून, डोकं शाबूत ठेवून लढली. आघाडीवर असलेल्या माणसानं तसंच लढायचं असतं. हे तुला सांगायला नको, पण तुला काहीच सांगायला नको होतं अशी माझी एके काळी समजूत होती.

निकाल पुकारला तेव्हा ती रडली नाही. "बाई, मी कुठं कमी पडले?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "तू नाही कमी पडलीस. पंच कमी पडले."

आणखी एक. सोमवारी मंडळाच्या कार्यालयात जाऊन तुझं प्रतिज्ञापत्र पाहून आले. 'दोन्ही कोपऱ्यांतील कोणाशीही आपले नाते आहे काय?' त्यापुढे तुझ्या त्या किरट्या अक्षरात: 'नाही.' सख्ख्या बहिणीशी नातं नाही. एकोणीस वर्षांत तू लिहिलेली ही बहुधा एकमेव खरी गोष्ट असेल. मी लग्नात आडनाव बदललं, तू शहर बदललंस, आणि आपण भावंडं आहोत हे ठाऊक असलेली मंडळातली माणसं एकतर मेली, नाहीतर त्यांना आता स्वतःचंही नाव आठवत नाही. तुला वाटलं, खपून जाईल. खपलंही.

मी तक्रार करणार आहे. आधी सांगून ठेवते. पाठीमागून वार करायची सवय आमच्याकडे नाही.

तुझी कोणी नसलेली


११ मार्च

पंचसाहेब,

उत्तर नाही. पेन्सिल मोडली असेल.

तिन्ही पंचांची गुणपत्रकं मिळवली. कारकुनानं चार खेपा घालायला लावल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला किल्ली नव्हती, तिसऱ्या खेपेला कारकूनच नव्हता. चौथ्या खेपेला मी डबा घेऊन गेले आणि त्याच्या टेबलावर उघडून जेवायला बसले. पाच मिनिटांत कागद हातात.

तुझ्या कागदावर सुतारणीच्या फक्त दोन फेऱ्या, दुसरी आणि पाचवी. तिसरीत जिचं नाक फुटलं ती जिंकली म्हणे. सहावीत जी दोरांना लोंबकळत होती तीही जिंकली. उद्या एखादी स्ट्रेचरवरून गेली तर तू म्हणशील, काय सुंदर पदलालित्य!

तुमच्या जातीच्या माणसांना मी बावीस वर्षं पाहतेय. पंच तीन प्रकारचे. एक लढतीऐवजी प्रेक्षकांकडे बघतो, टाळ्या कुणाला पडतात ते. दुसरा आयोजकाच्या कपाळाकडे बघतो, आठ्या कधी पडतात ते. तिसरा कशाकडेच बघत नाही, घरी जायची वाट बघतो. तू चौथा निघालास. तू बघतोस, तुला दिसतं, आणि मग तू उलटं लिहितोस.

कागद भिंतीला लावलेत. येणारा-जाणारा वाचतो आणि थुंकायला खिडकीशी जातो.

आईला सांगायचं नव्हतं, पण ती आता डोळ्यांनी अधू झाली तरी कानांनी चोर आहे. मी फोनवर बोलत होते ते ऐकलं. म्हणाली, "तो आला होता? या शहरात?"

"आला होता."

"जाड झालाय का गं?"

"आई, त्यानं माझ्या पोरीचं विजेतेपद घालवलं!"

"ते ऐकलं मी. जाड झालाय का, ते विचारतेय."

"झालाय."

"बरं झालं," म्हणाली आणि कूस बदलून झोपली. तिच्या कोर्टात तू निर्दोष सुटलास.

माझ्या कोर्टात नाही. तुला ते दिवस आठवत नसतील तर सांगते, मला सगळं आठवतंय. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. कोपऱ्यात मी एकटी. बारा फेऱ्यांची तुझी विजेतेपदाची लढत, आणि दोन पंचांनी तुला एकशे पंधरा-एकशे तेरा असा हरवला. मी पाण्याची बादली उचलून पंचांच्या टेबलावर रिकामी केली होती. वर्षभराची बंदी घेतली मी तुझ्यासाठी, हसत घेतली. जिममध्ये तुझा फोटो लावला, खाली लिहिलं: 'लुटलेला विजेता'. अजून आहे. आणि तू पंधरा दिवसांत पिशवी भरून निघून गेलास. एक शब्द नाही. आणि एकोणीस वर्षांनी परत आलास तो लुटारूंच्या बाकावर बसायला.

थू.


२४ मार्च

महाशय,

तुझं पत्र आलं. साडेसहा ओळी. वीज बिलावरसुद्धा जास्त मजकूर असतो.

आई म्हणाली, मोठ्यानं वाच. मी वाचलं नाही. मी म्हटलं, "बरा आहे म्हणतोय." तुझ्यासाठी आणखी एक खोटं बोलले.

तुझ्या ओळी तुलाच परत पाठवते, म्हणजे पुढं कधी 'मी असं लिहिलंच नव्हतं' म्हणायची सोय राहणार नाही:

'तिसरी, सहावी आणि सातवी फेरी तुझ्या मुलीची होती. मला दिसलं होतं. तू कोपऱ्यात होतीस, म्हणून प्रत्येक वेळी वाटलं की मी बहिणीच्या बाजूनं झुकतोय, आणि हात दुसऱ्या रकान्यात गेला. ही माझी चूक. प्रतिज्ञापत्र ही त्याहून मोठी चूक. पण शेवटच्या तीन फेऱ्या ती पळाली. तू तिला पळायला सांगितलंस. मलाही सांगितलं होतंस.'

वा! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, सही करून पोस्टानं आलेल्या पहिल्यांदाच पाहिल्या.

म्हणजे तू लाच खाल्ली नाहीस. कुणाच्या दबावाला भ्यायला नाहीस. तू स्वतःच्या सज्जनपणाला भ्यायलास! लबाड माणूस परवडला. लबाडाला निदान काहीतरी मिळतं. तू एका सुतारणीच्या सात वर्षांवर रंधा मारलास, आणि का, तर तुझा हात स्वच्छ दिसावा म्हणून. तीन फेऱ्या तिला मिळाल्या असत्या तर तुझ्या कागदावर पंच्याण्णव-पंच्याण्णव झाले असते, लढत बरोबरीत सुटली असती आणि पट्टा कुणाच्याच कमरेला गेला नसता. हे गणित तुला त्या क्षणी येत होतं. आपल्या दोघांत गणित तुलाच चांगलं यायचं.

आणि ते 'पळाली'! पळाली म्हणे. अंतर राखणं आणि पळणं यातला फरक कळत नसेल तर टेबलाशी बसू नये माणसानं, दारावर तिकिटं फाडावीत.

एकोणीस वर्षांपूर्वीचं मध्ये आणू नकोस. तुला लुटलं होतं. सगळ्या गावाला माहीत आहे.

पुन्हा लिहू नकोस.


५ एप्रिल

धाकट्या,

मी लिहू नकोस म्हटलं आणि तू लिहिलं नाहीस. तुझा हा गुण लहानपणापासून असाच, नको तेव्हा ऐकणारा.

तक्रारीचा अर्ज अजून दिलेला नाही. मुदत दहा तारखेपर्यंत आहे. का दिला नाही ते लिहिते. हे पत्र तीनदा फाडलंय, चौथ्यांदा फाडणार नाही.

गेल्या मंगळवारी सुतारीण भिंतीसमोर उभी होती. ते तीन कागद तिनं यापूर्वी नीट पाहिले नव्हते. तिची पाहायची पद्धत तुला माहीत नाही. फळी घेतली की ती आधी एक डोळा मिटून कड बघते, वाक कुठं आहे ते. तशीच एक डोळा मिटून बघत होती. मला म्हणाली, "बाई, शेवटच्या तीन फेऱ्या तिघांनीही तिलाच दिल्यात."

मी म्हटलं, "चोर आहेत ते."

"तिघंही? ज्यानं मला जिंकवलं तोपण?"

मी पट्ट्या गुंडाळत होते, गुंडाळत राहिले.

"आठव्या फेरीच्या आधी तुम्ही काय सांगितलं होतं मला?"

"आठवत नाही."

"मला आठवतं. तुम्ही म्हणालात, झालं तुझं काम, आता तिच्या हाताला लागू नकोस. मी म्हटलं, बाई, तिचं नाक गेलंय, आणखी मारते. तुम्ही म्हणालात, कोपऱ्यात मी आहे की तू?"

तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. चढला असता तर मला भांडता आलं असतं. तिनं पिशवी उचलली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली, सराव केला, पण पट्ट्या स्वतःच्या स्वतः बांधल्या. अंगठ्याखालचा वेढा चुकला होता. मी लांबूनच बघितलं.

दुसऱ्या पंचाच्या कागदावर त्या तीनपैकी दोन फेऱ्या जरी तिला मिळाल्या असत्या तरी पट्टा तिचा होता. मग तुझ्या अठ्ठ्याण्णव-ब्याण्णवला कुणी विचारलंही नसतं. हे मला गुणपत्रकं हातात आली त्या दिवसापासून माहीत होतं. अकरा मार्चच्या पत्रात मी ते लिहिलं नाही. कारकून आणि डबा लिहिला.

आता तुझ्या लढतीचं. नवव्या फेरीनंतर तू स्टुलावर बसलास, डावी भुवई फुटली होती, मी कापूस दाबून धरला होता. तू म्हणालास, "ताई, अजून संपलं नाहीये." मी म्हटलं, "खिशात घातलंस तू. आता फक्त लांब राहा." बाबा असते तर असं म्हणाले नसते. पण बाबा नव्हते आणि तुझ्या भुवईतून रक्त थांबत नव्हतं, आणि मला तू घरी परत हवा होतास. हे कुणाला सांगणार? कोपऱ्यात उभी राहिलेली बाई घाबरली, असं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मला चूल दाखवली असती. म्हणून मी बादली उचलली. बादलीचा आवाज फार मोठा होतो, धाकट्या. त्यात बाकी सगळं बुडतं.

अजून एक आहे, ते सगळ्यात घाण आहे.

खेळाडूंची वजनं घ्यायच्या दिवशी भिंतीवर पंचांची यादी लागली होती. मी तुझं नाव वाचलं. लढतीच्या दोन दिवस आधी. तेव्हाच हात वर करून सांगायला हवं होतं. कोपऱ्यातल्या माणसांनाही तसलंच प्रतिज्ञापत्र भरावं लागतं: 'पंचांपैकी कोणाशीही नाते आहे काय?' मी लिहिलं, 'नाही.' माझं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे, एवढाच फरक.

का लिहिलं माहीत आहे? मला आनंद झाला होता. मी मनात म्हटलं, एक पंच तर आपला झाला. कितीही रुसला तरी रक्ताचा आहे, देईल. रेशमीच्या मागं आयोजक आहे, माझ्या मागं भाऊ. मी तुझ्याकडून लबाडीची अपेक्षा केली होती. ती तू केली नाहीस, म्हणून मी महिनाभर तुझ्या नावानं थुंकतेय.

तुला वाटलं असेल तुझ्याइतकं हीन कुणी नाही. चुकतोयस. तिथंही मी एका गुणानं पुढं आहे.

ताई


१९ एप्रिल

धाकट्या,

मंडळाच्या सुनावणीत तू समोरच होतास, तरी लिहिते. आपण दोघं मान खाली घालून बसलो होतो, त्यामुळं बरंच बघायचं राहिलं असेल.

अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत हे मला आदल्या दिवशी कळलं. मुष्टियुद्धाशी त्यांचा संबंध एवढाच की एकाचे दात पडतात ते दुसऱ्याला बसवावे लागतात. उजवीकडचे सदस्य अर्धा वेळ झोपले होते आणि उरलेला अर्धा वेळ जागे असल्यासारखे दिसत होते. असल्या माणसांच्या हातात मुलींची सात-सात वर्षं असतात.

मी दोन्ही प्रतिज्ञापत्रं टेबलावर ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. कुणी उपटलेला दात परत मागावा तसा.

"हे तुमचे भाऊ?"

"सख्खे."

"आणि ही सही तुमची?"

"माझीच."

"बाई, म्हणजे तुम्ही स्वतःविरुद्धच तक्रार करताय?"

"हो. आणि जरा नीट लिहून घ्या, नाहीतर उद्या किल्ली सापडायची नाही."

झोपलेले सदस्य तेवढ्यासाठी जागे झाले. मग तुला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का. तू उठलास आणि म्हणालास, "तीन फेऱ्या मी जाणूनबुजून चुकीच्या लिहिल्या." कारण सांगितलं नाहीस. मी वाट बघत होते, सांगशील, बहिणीमुळं. तू खालीच बसलास. धाकट्या, त्या क्षणी तुझा राग आला नाही, पहिल्यांदाच.

निकाल रद्द, जुलैत पुन्हा लढत, तुझं पंचपद कायमचं गेलं, मला कोपऱ्यात उभं राहायला दोन वर्षं बंदी. आयोजकाला साधी समजसुद्धा दिली नाही. फोटो आधी काढणं हा गुन्हा नाही म्हणे, ती दूरदृष्टी.

जिन्यात तू विचारलंस, "आई कशी आहे?" मी म्हटलं, "तिलाच विचार. पाय आहेत ना?" हे मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. सवय आहे.

तू घरी आलास ते बरं केलंस. तू गेल्यावर ती मला म्हणाली, "तू म्हणालीस तेवढा जाड नाहीये. तू नेहमी वाढवून सांगतेस." तासभर ती तुझ्या भुवईवरचा व्रण बोटानं चाचपत होती. मी चहा टाकण्याच्या निमित्तानं आत गेले. चहा दोनदा उकळून आटला, तुला कळलंच असेल चवीवरून.

दारात मी विचारलं ते मला एकोणीस वर्षं विचारायचं होतं. तू हरला होतास का? तू म्हणालास, "आवाज बंद करून तीस-चाळीस वेळा पाहिली मी ती लढत. सात-पाच. माझ्याविरुद्ध." मग म्हणालास, "मी तुझ्यावर चिडून गेलो नव्हतो, ताई. रस्त्यात प्रत्येक जण म्हणायचा, तुला लुटलं रे. मला कुणीतरी 'हरलास' म्हणायला हवं होतं. तू तर फोटोच लावलास."

तू बसमध्ये बसल्यावर मी जिममध्ये गेले, स्टूल घेतलं आणि फोटोखालची पाटी काढली. फोटो ठेवलाय. केस होते तेव्हा तुला.

सुतारणीला तुझ्यादेखत सगळं सांगायचं होतं, पण ती कारखान्यात होती. दुसऱ्या दिवशी सांगितलं, यादी पाहिल्याचंसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे तुम्हाला वाटत होतं की मी सरळ जिंकणार नाही."

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

ताई


१४ जुलै

धाकट्या,

तू टीव्हीवर पाहिली असशीलच. मी काय पाहिलं ते लिहिते, मग तू काय पाहिलंस ते लिही. वर्तमानपत्रं वाचून लिहू नकोस. त्यांना विजय म्हटलं की विशेषणं सुचतात, डोळे नाही.

मला मागून तिसऱ्या रांगेत जागा होती. तिथून रिंग काड्यापेटीएवढी दिसते. कोपऱ्यात नवा मास्तर होता, जुना खेळाडू आहे, बरा आहे, टॉवेल फार फडकावतो. हात रिकामे राहवेनात, म्हणून मी तिकिटाच्या मागं रकाने आखले आणि फेरीगणिक आकडे लिहायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा. फार अवघड काम आहे रे. सुतारीण दिसली की डोळा आपोआप तिच्या हाताबरोबर जातो, समोरचीचा ठोसा लागला की पापणी मिटते. तिसऱ्या फेरीपर्यंत मी स्वतःला दोनदा लबाडी करताना पकडलं. मग युक्ती केली. त्या फेरीपासून मी फक्त रेशमीकडेच बघायचं ठरवलं, म्हणजे तिला काय लागतं आणि ती काय देते हे दोन्ही कळतं. आणि सांगायला जीभ जड होते, पण ती पोरगी चांगली आहे. नुसती लाडकी नाही. या खेपेला तिचा डावा हात सुतारणीच्या आधी पोचत होता, पुन्हापुन्हा.

सुतारीण शेवटपर्यंत पुढं गेली. दहाव्या फेरीत तर अशी भिडली की हॉल उभा राहिला. कुणी तिला लांब राहायला सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. दहावी तिची. पण घंटा झाली आणि मी बेरीज केली. सहा-चार. रेशमी.

दोनदा केली बेरीज.

मग निकाल. तिन्ही पंच सुतारणीच्या बाजूनं! एकानं तर अठ्ठ्याण्णव-ब्याण्णव. तोच आकडा, उलटा करून. मागच्या खेपेची थुंकी पुसायला मंडळानं तीन फडकी बसवली होती, दुसरं काय? लोक नाचत होते. आई रेडिओशी बसून ऐकत होती, तीही टाळ्या वाजवत होती म्हणे. मी बसून राहिले. शेजारच्या माणसानं विचारलं, "काकू, तुम्ही रेशमीच्या घरच्या का?"

मी म्हटलं, "नाही हो. निळ्या कोपऱ्याची आहे मी."

"मग उठा की!"

उठले नाही.

कपडे बदलायच्या खोलीत जायला मला परवानगी नव्हती, पण दारावरचा माणूस माझ्याच हाताखाली दोन वर्षं मार खाऊन गेलेला. सुतारीण एकटी बाकावर बसली होती. पट्टा मांडीवर. डावा डोळा मिटलेला, सुजून पेरूएवढा झालेला. मी सूज दाबायचा गार ठोकळा घेतला आणि डोळ्यावर धरला. बाहेर आयोजक नव्या फोटोंसाठी ओरडत होता. आता ही त्याची लाडकी.

मग ती म्हणाली, "बाई, तुम्ही मोजलंत?"

"मोजलं."

"किती?"

धाकट्या, 'जिंकलीस' म्हणून मोकळं व्हायला एक शब्द पुरला असता. तिला घडवायला सात वर्षं गेली, त्यातले शेवटचे तीन महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. तिच्या मांडीवर पट्टा होता, हॉल तिचा होता. मी म्हटलं, "चार-सहा. गेलीस तू."

तिनं मिटलेल्या डोळ्यावरचा माझा हात बाजूला केला आणि उरलेल्या एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं, फळीची कड बघावी तसं. मला वाटलं, आता ही मला बाहेर काढणार. काढायलाच हवं होतं.

ती म्हणाली, "मी पाच-पाच धरत होते. चौथी कुणाची?"

"रेशमीची. तुझे दोन ठोसे तिच्या हातावर लागले, तिचे तीन तुझ्या तोंडावर."

"हं," म्हणाली. तिनं तो पट्टा उचलला, बुटांच्या खाली पिशवीत कोंबला आणि चेन लावली. "मग तिसरी लढत मागू."

"अगं, जिंकणारा परत लढत मागत नाही. मंडळाच्या कारकुनाला वाटेल छपाईची चूक आहे."

"वाटू दे. तुम्ही डबा घेऊन जा."

मग तिनं दोन्ही हात माझ्यापुढं केले. पट्ट्या सोडायला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

तर काम असं आहे. अर्जावर मला सही करता येत नाही, बंदी आहे, सही ती करेल. पण अर्ज लिहायला मंडळाची भाषा येणारा माणूस पाहिजे. ती घाण भाषा आपल्या घरात तुलाच येते. लढत पुन्हा बघ, आवाज बंद करून, आणि तुझे दहाही आकडे सोबत जोड. माझे मी कळवलेत म्हणून माझ्यासारखे लिहू नकोस, आणि मला भिऊन उलटेही लिहू नकोस. सुतारीण जिंकली असं दिसलं तर तसं लिही, मी भांडेन, तो आपला नंतरचा प्रश्न.

पहिली ओळ तिनं स्वतः सांगितलीय, ती बदलू नकोस. 'मी ही लढत जिंकलेली नाही.'

पुढचं तू लिही.

ताई